०५/०८ म्हणजे मे की ऑगस्ट? एका तारखेने सूरजागडचा हिशेब कसा बिघडू शकतो

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडची लोहखनिज खाण आहे. खनिजाचे ट्रक आलापल्लीमार्गे जातात. धूळ, खड्डे आणि अपघात याबद्दल लोकांच्या तक्रारी तुम्ही वाचल्या असतीलच.

समजा, कुणाला तपासायचं आहे की ऑगस्टच्या पावसात या रस्त्यावरून रोज किती ट्रक गेले. ट्रकच्या नोंदी एका फाईलमध्ये, पावसाच्या दुसऱ्या. एक छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, दोन्ही फाईल तारखेवरून जोडते. घोळ इथेच होतो.

नेमकं काय चुकतं?

आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी लिहितात. अनेक सॉफ्टवेअर न सांगता अमेरिकन पद्धत धरतात. मग ०५/०८/२०२३ म्हणजे ५ ऑगस्ट न राहता ८ मे होतो. १३/०८ ला मात्र अडचण येते, कारण तेरावा महिना नसतो. ती नोंद रिकामी राहते किंवा बरोबर वाचली जाते.

म्हणजे एकाच फाईलमधल्या काही तारखा उलट, काही सुलट! दर महिन्याच्या पहिल्या १२ पैकी ११ तारखा अशा फसव्या असतात. वर्षाचे झाले १३२ दिवस. आणि स्क्रीनवर चुकीचा एकही मेसेज येत नाही.

मग स्क्रिप्टने काय तपासावं?

१. तारखेचा क्रम आधीच ठरवून द्या, सॉफ्टवेअरला अंदाज करू देऊ नका. सगळ्यात सुरक्षित क्रम वर्ष-महिना-दिवस: २०२३-०८-०५. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हेच सांगतं.

२. अशी तारीख असते का? ३१ जून कधीच नसतो. २९ फेब्रुवारी २०२४ मध्ये होता, २०२३ मध्ये नव्हता.

३. फाईल ऑगस्टची असेल तर त्यात मे कुठून आला? भविष्यातली तारीख कशी?

४. रात्री ११:४० ला निघालेला ट्रक १:१० ला पोहोचला, तर नुसत्या वेळेवरून प्रवास उणे येतो. वेळेसोबत तारीख हवीच. शिवाय जीपीएसची वेळ बऱ्याचदा जागतिक वेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री २ ची फेरी आदल्या दिवशी जमा होते.

५. चुकीच्या ओळी गुपचूप पुसू नका. वेगळ्या ठेवा, मोजा आणि किती निघाल्या ते सांगा.

एवढं कशासाठी?

कारण आकडे चुकले की खरी तक्रारही खोटी ठरते. 'तुमचा तक्ताच चुकीचा आहे' एवढं म्हटलं की विषय संपतो, रस्ता तसाच राहतो.

पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर असा तक्ता आला, तर आधी तारखांचा रकाना बघा. पहिल्या जागी १२ पेक्षा मोठा आकडा एकदाही दिसत नसेल, तर पुढे पाठवण्याआधी विचारा: यात दिवस कुठला आणि महिना कुठला?