चेक आला, पण पैसे आले का?



पाड्यावरच्या मुलांना मोबाईलवर नोकरीचा निरोप येतो. मुलाखत नाही, तरी निवड! सोबत वीस हजारांचा चेक. "पाच हजार तुमचा पगार, उरलेले सामानासाठी या नंबरवर लगेच पाठवा."

चेक वटायला वेळ लागतो. मोबाईलवरून पाठवलेले पैसे क्षणात जातात. पुढे चेक खोटा ठरून परत येतो आणि बुडते ती आईबापांच्या मजुरीची बचत.

खरा मालक कामगाराकडून असे पैसे फिरवून घेत नाही. शंका आल्यास आधी बँकेत विचारा. फसगत झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करा.

उपासनेनंतर तरुणांना हे सांगा. फसलेल्याला बोल लावू नका. लाजेने तो गप्प बसतो आणि वेळ निघून जाते.