जुन्या वर्कस्टेशनवर लिनक्स मिंट टाका, तेही फक्त मोबाईलच्या मदतीने

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं, हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. आमच्या खडवलीच्या घरातही होता. धाकट्या भावाच्या कॉलेजसाठी सेकंडहँड घेतलेलं एचपी झेड४२० वर्कस्टेशन, त्यात २०१२ चा इंटेल झिऑन ई५-१६२० प्रोसेसर. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो मार्ग बंद. पण मशीन ठणठणीत आहे, रॅम १६ जीबी. नवीन घ्यायचं बजेट नाही, आणि असं मशीन भंगारात द्यायला जीव होत नाही.

उपाय आहे लिनक्स. घाबरू नका, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल आहे. मी लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती निवडली. डेस्कटॉप हलका, मेनू विंडोजसारखा डावीकडे खाली, आणि अपडेट्स २०२९ पर्यंत.

आता खरी अडचण. सगळे व्हिडिओ सांगतात, "दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करा." दुसरा कॉम्प्युटर असता तर काय हवं होतं! पण हे काम फोनवरही होतं. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल घ्या. ती जवळपास ३ जीबीची आहे, म्हणजे दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर आधी वायफाय शोधा. मग एचड्रॉइड हे मोफत, ओपन सोर्स अ‍ॅप टाका, ओटीजी अडॅप्टरने ८ जीबीचा पेनड्राइव्ह जोडा आणि फाइल त्यावर लिहा. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं.

इन्स्टॉल करण्याआधीची एक गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. जुन्या हार्ड डिस्कवर बाबांनी जमवलेले फोटो होते, दुसरी कॉपी कुठेच नाही. इन्स्टॉलर "डिस्क पुसून इन्स्टॉल करा" असा पर्याय देतो, आणि दोन डिस्क असतील तर कुठली कुठली हे नावावरून चटकन कळत नाही. म्हणून मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबलच काढली आणि नवीन एसएसडी लावली. जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसली कशी जाणार?

मशीन सुरू करताना एफ९ दाबा (हे एचपीसाठी, डेलला एफ१२) आणि पेनड्राइव्ह निवडा. मिंट आधी इन्स्टॉल न होताच चालू होतं. आवाज, स्क्रीन, माउस इथेच तपासा. मग डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या आयकॉनवर क्लिक करा. लाईट जाण्याची शक्यता असेल तेव्हा हे काम नको.

वर्कस्टेशनला वायफाय नव्हतं. फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि नेट लगेच आलं. वेगळा ड्रायव्हर काही लागला नाही. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडता येतो.

काय चालणार नाही? टॅली, फोटोशॉप सरळ चालत नाहीत. व्हॅलोरंट विसरा. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस आहे, पण कॉलेजला ठराविक फॉरमॅटमधली फाइल द्यायची असेल तर पीडीएफ करून द्या, नाहीतर मांडणी हलते. आणि हा प्रोसेसर १३० वॅटचा आहे, त्यामुळे गाणी ऐकायला दिवसभर चालू ठेवू नका.

सगळं नीट चालतंय हे आठवडाभर बघून मगच जुनी डिस्क परत जोडली. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमधली ती डिस्क मिंटने लगेच ओळखली. फोटो सगळे होते, आणि पहिली कॉपी त्याच संध्याकाळी एसएसडीवर घेतली.