चेहरे चार, आवाज तीन

राळेगावचा पानठेला असो की मुंबईची लोकल, हल्ली गाणं ऐकायचं म्हणजे मोबाइल समोर धरून बघायचं. ही सवय लागली कुठून, असं विचारलं की बोट हमखास क्वीन या ब्रिटिश बँडच्या १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’कडे जातं. जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ म्हणून त्याचा गवगवा होतो आणि तो खोटा आहे. बीटल्सनी १९६६ मध्येच आपल्या गाण्यांच्या फिल्म बनवून टीव्हीला दिल्या होत्या. आपल्याकडे तर प्रभातच्या ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकरांचं बहुभाषक गाणं १९३९ सालीच पडद्यावर आलं होतं, गाण्याला चित्र जोडण्याची नवलाई मराठी प्रेक्षकाला कुणी सांगू नये. पण आपलं सिनेमातलं गाणं कथेला बांधलेलं असतं. कोण गातंय, कुणासाठी, कुठे, हे चित्र सांगतं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या शब्दांतही गोष्ट आहे: खून केल्याची आईपाशी कबुली देणारा मुलगा, मग त्याच्या सुटकेवरून चाललेला गलका, मग संताप आणि शेवटी थकलेली बेफिकिरी. व्हिडिओत यातलं काहीच नाही. आई नाही, पिस्तूल नाही, न्यायनिवाडा नाही. माझ्या मते हे गाणं इतकी वर्षं ताजं राहिलं, त्यात या न दाखवण्याचा वाटा मोठा आहे.

मग दाखवलंय काय? सुरुवातीला काळ्या पार्श्वभूमीवर चार चेहरे, चौकटच्या पत्त्यासारखे रचलेले, वरून उजेड पडलेला. ही मांडणी छायाचित्रकार मिक रॉकने १९७४ च्या ‘क्वीन टू’ या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी केली होती आणि तिच्यामागे मार्लीन डीट्रिशचं १९३२ च्या सिनेमाच्या वेळचं एक छायाचित्र होतं. पुढे पियानोजवळचा बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, नेहमीचा रंगमंच. ऑपेराच्या ढंगाचा मधला भाग आला की पुन्हा तेच चेहरे. खरी गंमत इथे आहे. त्या भागात मोठा कोरस ऐकू येतो, पण गाणारे तिघेच: मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. चोवीस ट्रॅकच्या टेपवर स्वतःच्याच आवाजांचे थरावर थर चढवून त्यांनी ही गर्दी उभी केली होती. पडद्यावरही नेमकं तेच घडतं. पैलूदार भिंगातून एका चेहऱ्याचे अनेक होतात. एका शब्दाच्या प्रतिध्वनीबरोबर मर्क्युरीचा चेहरा मागे मागे पसरत जातो. त्यासाठी कॅमेरा सरळ त्याच्याच मॉनिटरकडे वळवला होता. आवाज जसा बनला, तसंच चित्र बनलं. बेस वाजवणारा जॉन डीकन या कोरसमध्ये गायलेलाच नाही, तरी चौथा चेहरा त्याचाच. एवढी थाप चालायची!

यावर कुणी म्हणेल, यात कसली कला, ही तर निव्वळ सोय होती. मुद्दा बिनतोड वाटतो. बँडला दौऱ्यावर निघायचं होतं, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या स्टुडिओत जायला सवड नव्हती, आणि गेले असते तरी चौघांनी उभं राहून त्या कोरसवर ओठ हलवणं हास्यास्पद दिसलं असतं. म्हणून १० नोव्हेंबर १९७५ ला एल्स्ट्री स्टुडिओत, जिथे दौऱ्याची तालीम चालू होती तिथेच, दिग्दर्शक ब्रूस गॉवर्सने चारेक तासांत काम उरकलं. खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास. पण घाईतला माणूस सहसा सोपी वाट धरतो, आणि इथे सोपी वाट म्हणजे शब्दांप्रमाणे दृश्यं किंवा सरसकट रंगमंच. त्यांनी वाजवता येणारा भाग रंगमंचावर ठेवला आणि न वाजवता येणारा चेहऱ्यांकडे सोपवला. ही निवड योगायोगाची नव्हती याचा पुरावा पुढच्या मैफलींत मिळतो: ऑपेराचा भाग आला की बँड चक्क आत निघून जाई, टेप वाजे आणि रॉकचा भाग सुरू होताना मंडळी परत येत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गाण्याचा खरा अर्थ मर्क्युरीच्या आयुष्यात आहे, व्हिडिओत कशाला शोधता? झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारोख बलसारा, घरापासून दूर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढलेला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा, पुढे लैंगिकतेबद्दल मोघम बोलणारा. आईला उद्देशून असलेल्या ओळींत हे सगळं वाचायचा मोह महाराष्ट्रात तर फारच होतो. पाचगणी आपलीच ना! वाचू नये असं नाही. पण मर्क्युरीने अर्थ सांगायचं कायम टाळलं आणि व्हिडिओनेही कुठल्याच वाचनाच्या बाजूने साक्ष दिली नाही. खून खरा की रूपक, हे चित्राने ठरवून टाकलं असतं, तर बाकीची वाचनं तिथेच मिटली असती.

उलट बाजूने पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. २४ नोव्हेंबर १९९१ ला मर्क्युरी गेला आणि त्यानंतर हे गाणं ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या अमेरिकी विनोदी सिनेमात एका खटारा गाडीत कोंबलेली टवाळ पोरं त्याच्या तालावर माना झटकताना दिसली. १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत पोचलेलं गाणं यावेळी दुसऱ्यावर गेलं. खुनाची कबुली आणि गाडीतला दंगा यांचा काडीचा संबंध नाही, तरी प्रेक्षकांना ते खटकलं नाही. पहिल्या व्हिडिओने आई किंवा फासाचा दोर दाखवला असता, तर त्या गाडीत हे गाणं बसलंच नसतं.