बॅग कुठवर जाणार?

पांढरकवड्याहून विमान गाठायचे म्हणजे पूर्वी एकच वाट होती: राष्ट्रीय महामार्ग ४४ धरायचा आणि नागपूर गाठायचे. १६ एप्रिल २०२५ पासून दुसरीही झाली. यवतमाळमार्गे अमरावतीचे बेलोरा विमानतळ आणि तिथून अलायन्स एअरचे छोटे एटीआर विमान थेट मुंबईला. पुढे दुबई, लंडन, जिथे लेक-जावई असतील तिथे. माणूस मुंबईत उतरून विचारत विचारत पुढचे विमान शोधतो. बॅगेच्या वतीने बोलतो तो फक्त तिचा टॅग.

या टॅगवर दहा आकडी क्रमांक, बारकोड आणि मुक्कामाच्या विमानतळाची तीन अक्षरे असतात. ती अक्षरे लंडनची असतील तर मुंबईत बॅग एका विमानातून दुसऱ्यात परस्पर जाते. मुंबईची असतील तर ती मुंबईच्या पट्ट्यावर फिरत बसते, मालक लंडनला पोचला तरी! टॅग शेवटपर्यंतचा मिळतो तो सहसा एकाच तिकिटावर, तेही दोन्ही कंपन्यांत तसा करार असेल तर.

इथेच घोळ होतो. अलायन्स एअर ही एकेकाळी एअर इंडियाचीच उपकंपनी. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडे राहिली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून दोघींची तिकीटविक्री वेगळी झाली. जुन्या नात्यावर विसंबून कुणी बॅग सोडू नये. शिवाय वजन. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच. तिकिटे वेगवेगळी काढली की कुरडया-पापडांचा हिशेब पहिल्याच काउंटरवर चुकतो.

एका विमानातून दुसऱ्यात अशी अदलाबदल विदर्भाला नवी नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्या बदलून घेत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. विमाने चारच, त्यामुळे चुकायला वाव कमी.

आज तो वाव फार मोठा आहे. सिता या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात उशिरा पोचलेल्या बॅगांपैकी ४६ टक्के बॅगा विमान बदलतानाच मागे राहिल्या होत्या. पहिले विमान उशिरा आले की धावतपळत माणूस पुढचे विमान गाठतो, बॅग मात्र राहते.

परतीच्या वाटेवर आणखी एक अडचण असते. परदेशातून येणाऱ्याला मुंबईत सहसा स्वतःच बॅग उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते, टॅगवर नागपूर लिहिलेले असले तरी.

म्हणून चेक-इनच्या वेळी ‘बॅग कुठवर जाणार?’ हे विचारा, टॅगवरची अक्षरे स्वतः वाचा आणि पावती जपून ठेवा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी तक्रार द्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची तक्रार ७ दिवसांत करावी लागते, उशिराची बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांत. देशांतर्गत प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये आहे, तेव्हा दागिने आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीतच ठेवा.