विरळ हवा आणि आठ सिलिंडर

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच. त्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी. माणसाच्या हे लक्षातही येत नाही. साध्या पेट्रोल गाडीच्या मात्र येतं. प्रत्येक घोटात हवा कमी, म्हणून जाळता येणारं पेट्रोल कमी, म्हणून ताकदही कमी. टर्बोवाली गाडी यातून जी पळवाट काढते, ती पाहून मी थक्क होतो.

आपल्याकडे इस्टेट म्हटलं की पुण्याची 1992 ची टाटा इस्टेट आठवते. लांबलचक, लग्नाचं सामान पोटात घालणारी. ऑडी आरएस6 अवांत त्याच घाटाची, पण 2015 मध्ये ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत 1 कोटी 35 लाख होती. मागे 565 लिटरची डिकी, पुढे 560 अश्वशक्तीचं, दोन टर्बोंचं व्ही-8 इंजिन, शून्यावरून शंभराचा वेग 3.9 सेकंदांत. अशी एखादी वापरलेली गाडी बंगळुरात विकाऊ दिसली, तर हात लावण्याआधी तिच्या पोटात काय चालतं ते समजून घ्यावं.

इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बोच्या एका चक्रावर आदळतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखभर फेरे! एवढ्या वेगात दांडा धातूला टेकतच नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. बाहेरची हवा विरळ झाली की चक्र आणखी जोरात फिरतं आणि आतला ठरलेला दाब भरून काढतं. उंचीची तूट अशी भरून निघते, पण उष्णता वाढते.

बऱ्याच व्ही इंजिनांत टर्बो बाहेरच्या अंगाला असतात. या गाडीत दोन्ही टर्बो ‘व्ही’च्या कुशीत, सिलिंडरांच्या दोन रांगांमध्ये बसवलेत. धुराची वाट आखूड, म्हणून पाय दाबताच ताकद हजर. पण चूल माजघरात मांडल्यावर घर तापणारच. टर्बोंना तेल पोचवणाऱ्या वाटेत एक बारीक जाळी आहे. तेल जळून काजळी धरली की ती चोंदते, दांड्याला तेल मिळत नाही आणि टर्बो जातो. या इंजिनाची ही दुखरी नस जाणत्यांना पाठ असते.

म्हणून ‘किती चालली?’ हा पहिला प्रश्न नव्हे. बंगळुरात किलोमीटर फसवतात. सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीत तासभर अडकलेल्या गाडीचा आकडा जेमतेम हलतो, तेल मात्र तापत राहतं. तेल कधी बदललं, जाळी बदलली का, याची बिलं मागा. गाडी पाहायला जाण्याआधी कुणी ती सुरू करून ठेवू नये असं बजावा. गार इंजिनच खरं बोलतं, तेल जळत असेल तर निळसर धूर बहुधा तेव्हा दिसतो. चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, कारण चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत एकच टायर नवा टाकला की मधल्या डिफरन्शियलवर ताण येतो. एमएच पाटीची गाडी घेत असाल तर आणखी एक हिशेब. कर्नाटकात वर्षाहून जास्त ठेवायची तर इथला आजीवन कर भरावा लागतो, आणि पुण्यातला स्वस्त सौदा तिथेच महाग पडतो.

मला सर्वात गंमत वाटते ती अक्रोडाची. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळीची पुटं चढतात. ती काढायला कारागीर अक्रोडाच्या कवचांचा भुगा दाबाच्या हवेने मारतात. भुगा काजळी उडवण्याइतका कठीण, धातूवर ओरखडा न उठवण्याइतका मऊ! कोटीभराच्या यंत्राला शेवटी सुक्यामेव्याचं टरफल.

बंगळूरच्या नाइस रोडवर एका लयीत चालवलीत तर आठांतले चार सिलिंडर गुपचूप झोपी जातात. त्यांचे व्हॉल्व्ह मिटतात आणि आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबत-फुलत राहते. आणि गाडी लावून इंजिन बंद केलंत तरी साठलेली उष्णता काढायला कधीकधी पंखा फिरतच राहतो. वॉचमन सांगायला येईल, ‘साहेब, गाडी चालूच राहिली.’