भाड्याचे न्हाणीघर आणि शहाबादी फरशी

बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील जिल्ह्यांत शिक्षण अथवा नोकरीसाठी भाड्याचे घर घेणाऱ्याला न्हाणीघरात अनेकदा दोन गोष्टी भेटतात : पायाखाली शहाबादी फरशी आणि नळावर क्षारांचा पांढरा थर. तो थर घालवून न्हाणीघर उजळावे, ही इच्छा स्वाभाविकच. मग बाजारातील आम्लयुक्त द्रव सरसकट ओतला जातो. थर जातो, पण फरशीची तकाकीही जाते आणि ती परत येत नाही. घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होण्यास असा एखादा डाग पुरेसा ठरतो.

थर आणि फरशी यांचे नाते

कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद या गावावरून ओळखली जाणारी ही फरशी भीमेच्या खोऱ्यातील चुनखडीच्या दगडाची असते. तिचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. नळावरचा पांढरा थरही प्रामुख्याने त्याचाच. भूजल खडकांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते आणि पाणी तापले किंवा वाळले की ते मागे राहतात. त्यामुळे थर विरघळवणारे आम्ल, मग ते लिंबाचे असो वा व्हिनेगरचे, फरशीलाही खाते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. पावसावर पोसलेल्या नद्यांचे मऊ पाणी वापरण्याची सवय असलेल्या गोमंतकीयाला कूपनलिकेच्या पाण्याचा जडपणा साबण लावताच जाणवतो. बिदर शहर मात्र गोव्याप्रमाणेच जांभ्या दगडावर वसलेले आहे; दगड बदलला की पाणीही बदलते. बादलीच्या कडेला थर किती दिवसांत धरतो, यावरून आपल्या घरातील पाण्याचा अंदाज येतो.

नळाला आम्ल, फरशीला साबण

नळ आणि शॉवर यांसाठी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी पुरते. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवावे. शॉवरची जाळी काढून बादलीत भिजवावी. नळाला ते द्रावण भरलेली प्लास्टिकची पिशवी रबराने बांधावी, म्हणजे थेंब खाली पडत नाहीत. वीस मिनिटांनी जुन्या दातघासणीने घासून नळ धुवावा. अधिक वेळ ठेवल्यास त्याचा मुलामा खराब होऊ शकतो.

फरशीला भांडी घासण्याचा सौम्य द्रव, कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढेच पुरेसे. भिंतीच्या टाइलवरील चिकट पापुद्रा हा साबण व क्षार यांचा संयोग असतो. तोही याच मिश्रणाने सुटतो. फरशीवरील जुना डाग सौम्य उपायांनी जात नसेल, तर तो तसाच ठेवून घरमालकाच्या निदर्शनास आणणे शहाणपणाचे. शौचकूप स्वच्छ करण्याचा आम्लयुक्त द्रव आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

भिंतीला भोक न पाडता

नवा शॉवर बसवायचा असल्यास जुना कागदात गुंडाळून जपून ठेवावा आणि जाताना पुन्हा लावावा. पडद्यासाठी दोन भिंतींमध्ये ताणून बसणारी दांडी मिळते. तिला खिळा लागत नाही. चिकटणारे हूक गुळगुळीत टाइलवर टिकतात. चुन्याच्या अथवा रंगाच्या भिंतीवर ते पापुद्र्यासकट निघतात. तेथे जमिनीवर उभी राहणारी प्लास्टिकची मांडणीच बरी. हूक काढताना केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब दिल्यास गोंद सैल होतो.

मंद दिव्याच्या जागी पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा आणि मोरीच्या तोंडावर उचलता येणारी जाळी एवढ्याने बरेच काही बदलते. पायाखालची रबरी जाळी रोज उभी करून वाळवावी. अन्यथा तिच्याखाली क्षार आणि शेवाळ साचते. स्नानानंतर वायपर फिरवून नळ कोरड्या फडक्याने पुसला, तर नवा थर धरण्याचा वेगच मंदावतो.

पहिल्या दिवसाची नोंद

सामान लावण्यापूर्वी फरशी, नळ, टाइलचे सांधे आणि दार यांची छायाचित्रे काढून घरमालकाला पाठवावीत. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घराच्या अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. मात्र राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून अनामतीची रक्कम, ती परत करण्याची मुदत आणि कोणत्या नुकसानीसाठी कपात होईल, हे करारातच लिहून घेणे हिताचे. गळका नळ, गिझरची वायरिंग आणि भिंतीतील ओल ही कामे मात्र घरमालकाला लेखी कळवून त्याच्याकडूनच करून घ्यावीत.