बोटांचा भाव

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा निकालात निघाला. शंभरी ओलांडलेला कायदा गेला, पण त्याच्यावर कुणी चार ओळीही खरडल्या नाहीत. चर्चा कसली, तर ग्रॅच्युइटी वर्षभरात मिळणार का आणि हातात पडणारा पगार घटणार का. माझं पोट या कायद्यावर चाललं, म्हणून मला जरा जास्तच लागलं असेल. तरीही ज्यांची बोटं या कायद्याने मोजली, त्यांच्यापैकी एखाद्याला तरी वार्ताहरांनी गाठायला हरकत नव्हती.

पहिली काही दशकं मी भराभर उलटतो. १ जुलै १९२४ पासून कायदा अमलात आला. त्यातली इजांची यादी आटोपशीर होती. उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचं कुठलंही बोट ५. डावखुऱ्या कामगाराचा विचार कुणी केलेला दिसत नाही. १९६२ मध्ये ही यादी बदलली. डावं-उजवं गेलं आणि पेरापेराचा हिशेब आला. अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. हाड शाबूत राहून करंगळीचं नुसतं टोक उडालं तर २. खांद्यापासून उरलेला हात २०.३२ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे आठ इंचांपेक्षा, आखूड असेल तर ८०, जास्त असेल तर ७०.

मधल्या काळातला एकच निकाल सांगण्यासारखा. ओडिशातला एक सुतार १९६८ साली सिनेमा थिएटरात नक्षीकाम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. यादीप्रमाणे टक्के द्या, शंभर कशाला, असं मालकाचं म्हणणं. प्रताप नारायण सिंह देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाला वाटेला लावलं. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाई पुरती बुडाली, असं न्यायालय म्हणालं. भरपाई ९,८०० रुपये, पण तत्त्व लाखमोलाचं: शरीर किती गेलं हे डॉक्टर सांगेल, रोजगार किती गेला हे कामावरून ठरेल. पुढे आम्ही कामगारांचे वकील जन्मभर भांडलो ते एवढ्याच गोष्टीसाठी.

आणि भांडायला माझ्या वाट्याला आलं ते नव्वदचं दशक. भोसरी, चिंचवड, पिंपरी. मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या पत्र्याच्या शेड, आत ओळीने पॉवर प्रेस. पत्रा डायमध्ये सरकवायचा, पायाने पेडल मारायचं, जॉब काढायचा, पुन्हा पत्रा. कुठे दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणं असत, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नको. पण त्यातलं एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. पाळीत नग पूर्ण व्हायला हवेत ना! मग कधीतरी पेडल न मारताच प्रेस दुसऱ्यांदा खाली यायची.

१९९५ च्या दुरुस्तीने सप्टेंबरपासून हिशेब सुधारला. मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले टक्के. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणांक २०७.९८. मधलं बोट गेलं तर भरपाई २९,९४९ रुपये. पण खोच वेतनात होती. पगार कितीही असो, कायदा २,००० रुपयेच धरायचा. ही मर्यादा २००० साली चार हजार झाली, २०१० मध्ये आठ, २०२० मध्ये पंधरा. दहा-दहा वर्षं हलायची नाही. महागाई भत्ता सहामाहीला हलतो, बोटाचा भाव दशकाला.

खरी जुंपायची ती यादीत नसलेल्या इजांवर: मोडून वाकडं जुळलेलं मनगट, तुटलेली शीर, मणक्याला बसलेला मार. तिथे टक्के डॉक्टरने ठरवायचे. एका विमा कंपनीचे ठरलेले डॉक्टर होते. त्यांचा आकडा पंधराच्या वर गेलेला मला आठवत नाही. दर दाखल्यावर ‘मॅकब्राइड पद्धतीनुसार’ असं छापल्यासारखं लिहिलेलं. मॅकब्राइड हे ओक्लाहोमाचे अस्थितज्ज्ञ. त्यांनी १९३६ च्या आपल्या पुस्तकात नुसता सांधा किती वळतो एवढंच पाहिलं नव्हतं. हालचालीतला उशीर, बोजडपणा, दम टिकणं, यंत्रापाशी सुरक्षित राहणं, नोकरी मागायला गेल्यावर दिसणारं व्यंग, हे सगळं त्यांनी मोजायला सांगितलं होतं. उलटतपासणीत डॉक्टरांना विचारलं, ‘दम किती धरलात?’ ते वकिलाकडे बघत बसले. आमच्या बाजूलाही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते. मागाल तो टक्का लिहून देणारे दवाखाने साऱ्या बारला ठाऊक होते. मग एकाचे १२, दुसऱ्याचे ४५ आणि निकालात २५. याला न्याय म्हणायचं की भाजीबाजारातली घासाघीस?

असं असलं तरी भरपाईचे दावे चालवणारे तेव्हाचे काही आयुक्त कागदावरून मान वर काढत. एका पोराची तर्जनी जागेवर होती, पण मुळापासून ताठ. कंपनीचा वकील म्हणाला, बोट गेलेलंच नाही, तर १४ टक्के कुठले? यादीच्या तळाशी टीप आहे: अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला, तर अवयव गेला असंच धरायचं. वकिलाला ती वाचायची नव्हती. आयुक्तांनी टेबलावर टाचणी टाकली आणि म्हणाले, ‘या हाताने उचल बाळ.’ त्याने ती अंगठ्याने सरकवत टेबलाच्या कडेला आणली आणि अंगठा व मधल्या बोटात धरून उचलली. तर्जनी पूर्ण वेळ समोर रोखलेली. १४ टक्के मिळाले. पण तो प्रेसवरून झाडूवर गेला होता, हे मात्र कुठल्याच रकान्यात बसलं नाही. सुताराचा निकाल मी वाचून दाखवला. इथे लागू नाही, असं उत्तर आलं.

त्या पोराबरोबर युनियनचा माणूस यायचा. तारखेला दांडी लागू नये म्हणून साहेबाशी भांडायचा, डब्यातली अर्धी भाकरी द्यायचा. आता कामगार कंत्राटी, बिहार-झारखंडकडचा. पहिल्या तारखेपर्यंत तो गावी गेलेला असतो. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड कित्येकदा अपघातानंतरच निघतं. ते निघालं की भरपाईच्या दाव्याचं दार बंद. मग वैद्यकीय मंडळापुढे उभं राहायचं आणि टक्क्यांप्रमाणे पेन्शन घ्यायची. जिथे दावा चालतो तिथे सवलतींसाठी काढलेला दिव्यांगत्वाचा दाखलाच पुरावा म्हणून येतो. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या अपघात खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोड करून सांगितलं होतं: अवयवाचं अपंगत्व, सबंध शरीराचं अपंगत्व आणि कमाईची हानी या तीन वेगळ्या गोष्टी. तरी हाताचे ४५ टक्के दिसले की त्याला तिनाने भागून शरीराचे १५ करायचे आणि तीच कमाईची हानी म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड जात नाही. प्रेसवरचा माणूस सबंध शरीराने नाही, हाताने कमावतो.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने एक गोष्ट चांगली केली. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही आता भरपाईत धरला जाईल, हे मान्य करतो. बोटांची यादी मात्र चौथ्या अनुसूचीत जशीच्या तशी उतरवली आहे. त्यात एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के अशी नोंद आहे. तर्जनीचे १४ आणि मधल्याचे १२ वेगळे धरले तर होतात २६. कंपन्यांचे वकील वीस म्हणायचे, आम्ही सव्वीस. संहिता लिहिणाऱ्यांच्या हातात पेन होतं, संसदेत बहुमत होतं, वेळही पुष्कळ होता. एवढी एक ओळ दुरुस्त करायला काय लागत होतं?